सहा वाजले, किनारा बंद!

नकाशात बोर्निओ बेट शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, समुद्राला लागून, सांडाकान नावाचं शहर सापडेल. हा भाग मलेशियातल्या साबा राज्यातला. सांडाकानहून मोटारबोटीत बसायचं आणि सुलू समुद्रात सुमारे ४० किलोमीटर आत जायचं. तासाभरात एक चिमुकलं बेट येतं, सेलिंगन. चिमुकलं म्हणजे किती? जेमतेम ८ हेक्टर! रमतगमत फेरी मारली तरी थोड्याच वेळात तुम्ही निघाल्या जागी परत येता.

दिवसभर इथे धमाल असते. उथळ, स्वच्छ पाणी, पांढरी वाळू, पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे. पोहा, डुंबा, कंटाळा आला की झाडाखाली लोळा. आणि मग संध्याकाळचे सहा वाजतात आणि किनारा बंद होतो. थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत वाळूवर पाऊल टाकायचं नाही.

आता गंमत अशी, की जगभरातून माणसं या बेटावर येतात ती समुद्री कासवं बघायला. कासवं अंडी घालायला येतात ती रात्री. आणि नेमक्या रात्रीच किनारा बंद! वर आणखी नियम आहेतच. टॉर्च नको. फोटोसाठी फ्लॅश नको. आरडाओरडा नको. सगळ्यांनी एका इमारतीत थांबायचं. किती वेळ? ते कुणीच सांगू शकत नाही. आठला बोलावणं येईल किंवा मध्यरात्र उलटून जाईल. शिवाय एका रात्री पाहुण्यांना एकच कासव दाखवतात. किनाऱ्यावर वीस कासवं आली असली, तरी तुमच्या वाट्याला एकच.

एवढे नियम ऐकले की आधी चिडचिड होते. पण यातला एकेक नियम उचलून बघितला, की त्याच्याखाली कासवाच्या शरीरातलं एकेक नवल दडलेलं दिसतं. चला, उचलून बघू या.

पण हे बेट कुणाचं, ते आधी सांगते. सेलिंगन, गुलिसान आणि बक्कुंगान कचिल या तीन बेटांचं आणि त्यांच्याभोवतीच्या समुद्राचं मिळून १९७७ मध्ये संरक्षित उद्यान झालं. मलय भाषेत त्याचं नाव ‘तामान पुलाऊ पेन्यू’, म्हणजे कासवबेटांचं उद्यान. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, सेलिंगनवर कासवांच्या अंड्यांसाठी हॅचरी सुरू झाली. तोवर या बेटांवरची अंडी गोळा व्हायची आणि बाजारात खायला विकली जायची. हॅचरी म्हणजे अंडी सुरक्षित ठेवण्याची कुंपण घातलेली जागा.  या बेटांवर मुख्यतः दोन जातींची कासवं येतात. एक हिरवं कासव, दुसरं हॉक्सबिल. हिरवं कासव मोठं असतं. त्याची पाठ सुमारे मीटरभर लांब आणि वजन शंभर-दीडशे किलो. हॉक्सबिल लहान, चोच अणकुचीदार आणि पाठीवर फार देखणी नक्षी. त्या नक्षीपायीच माणसांनी त्यांची बेसुमार शिकार केली. कंगवे, डब्या, चष्म्यांच्या काड्या करण्यासाठी!

आता पहिला नियम. किनारा रिकामा का हवा?

समुद्री कासवाचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यात जातं. त्याचे पाय म्हणजे वल्ही. पाण्यात ती वल्ही सुरेख चालतात, पण जमिनीवर तेच कासव कमालीचं अडखळतं. पाण्यानं तोललेलं सगळं वजन एकदम अंगावर येतं. पोट वाळूला घासत, दर काही फुटांवर थांबून दम खात मादी पुढे सरकते. ना पळता येत, ना मान कवचात ओढून घेता येते. हो, जमिनीवरच्या कासवासारखं डोकं आणि पाय आत घेणं समुद्री कासवाला जमत नाही! मग तुम्हीच सांगा, एवढा धोका पत्करून ती येतेच कशाला?

कारण तिच्या अंड्यांना श्वास घ्यावा लागतो. कासव हा सरपटणारा प्राणी आहे, मासा नाही. कवचाच्या बारीक छिद्रांतून अंड्यात हवा जाते-येते. अंडी पाण्यात राहिली तर आतला जीव गुदमरून जातो. म्हणून समुद्री कासवाच्या मादीला जमिनीवर यावंच लागतं, आणि तेही भरतीचं पाणी पोचणार नाही इतक्या वर. पाण्यातून बाहेर येताना ती काठाशी थांबते, डोकं वर करते, अंदाज घेते. उजेड हलला, कुणी चालताना दिसलं, की ती मागे वळते आणि अंडी पोटातच घेऊन समुद्रात निघून जाते. तुम्ही थोड्या अंतरावर हसतखिदळत फिरत असाल, तुम्हाला कळणारही नाही की तुमच्यामुळे एक आई परत गेली. सहाचा नियम आहे तो यासाठी.

ती वर आली, की जागा निवडते आणि खणायला लागते. आधी पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवून अंग मावेल एवढा खळगा. मग खरी कारागिरी! मागच्या दोन पायांनी ती एक खोल खड्डा करते. डावा पाय आत जातो, वळतो, मूठभर वाळू उचलतो, बाजूला टाकतो. मग उजवा. मग पुन्हा डावा. खड्डा वर अरुंद आणि तळाशी रुंद. तिला मागचं काही दिसत नाही. हे काम तिला कुणी शिकवलेलं नाही, तिनं तिची आई कधी पाहिलेलीसुद्धा नाही. तरी खड्डा दरवेळी तसाच नेटका होतो. एखाद्या मादीचा मागचा पाय शार्कच्या हल्ल्यात तुटलेला असतो. तीसुद्धा तुटक्या पायाची पाळी आली की तो उरलेला भाग हवेत तसाच फिरवते, आणि मग दुसऱ्या पायानं वाळू काढते. मला हे फार विलक्षण वाटतं.

याही वेळी पाहुणे आतच बसलेले असतात. कारण खणताना ती अजून बिथरू शकते. पण पहिली काही अंडी पडली, की काहीतरी बदलतं. आता तिचं सगळं शरीर एकाच कामाला लागलेलं असतं, आणि आजूबाजूच्या हालचालींकडे तिचं लक्ष फारसं जात नाही. नेमकी ही वेळ साधून उद्यानाच्या रेंजरची हाक येते, “टर्टल टाइम!” मग सगळे पटापट, पण पाय न वाजवता निघतात.

जवळ जायचं ते मागच्या बाजूनं. तिच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं नाही. रेंजरच्या हातातल्या एका दिव्याच्या मंद उजेडात अंडी दिसतात. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, चिकट द्रवानं माखलेली. एक, दोन, कधी एकदम तीन. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, लवचीक असतं. म्हणूनच एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. एका वेळी साधारण शंभर! आणि एवढ्यानं भागत नाही. त्याच हंगामात ती साधारण दोन आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा येते. मग मात्र दोन-चार वर्षं सुट्टी.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसेल. बघणारे हळहळतात, “बिचारी रडते आहे!” ती रडत नसते. समुद्रात राहून, खारं पाणी आणि खारं अन्न पोटात जाऊन, अंगात मीठ फार साठतं. डोळ्यांजवळच्या ग्रंथी ते मीठ दाट, खारट पाण्यातून बाहेर टाकतात. पाण्यात असतानाही हे चालू असतं, फक्त तिथे आपल्याला दिसत नाही. किनाऱ्यावर त्याचा आणखी एक उपयोग होतो, डोळ्यांत गेलेली वाळू धुऊन निघते.

अंडी घालून झाली की ती खड्डा बुजवते आणि भोवती इतकी वाळू उडवते की घरटं नेमकं कुठे, ते कुणाला ओळखू येऊ नये. मग समुद्रात. आपल्या पिल्लांना ती कधीच भेटणार नाही.

आता रेंजरची घाई बघा. ते अंडी हलकेच उचलतात, बादलीत ठेवतात, मोजतात आणि लगेच हॅचरीत नेतात. जागच्या जागी का ठेवत नाहीत? कारण बेटावर मोठ्या घोरपडी आहेत, त्यांना कासवाची अंडी फार आवडतात. शिवाय किनाऱ्याची झीज होते, लाटा वर येतात. आणि किनारा एवढासा असल्यामुळे एका कासवाचं घरटं दुसरं कासव खणून काढतं! माझ्या मते, जिथे शक्य आहे तिथे अंडी आईनं ठेवली तिथेच राहिलेली सगळ्यांत बरी. पण या बेटावर हलवणंच शहाणपणाचं आहे.

मात्र हलवायचं असेल तर पहिल्या दोन-तीन तासांतच. का, ते ऐकाच. या लेखातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

कासवाच्या पोटात असताना अंड्यात पिल्लाची वाढ सुरू झालेली असते, पण एका टप्प्याला ती थांबते. आईच्या अंडनलिकेत प्राणवायू फार कमी असतो. तेवढ्यावर वाढ पुढे जाऊ शकत नाही, आणि तो बारीक जीव ‘थांबा’ या अवस्थेत राहतो. म्हणून मादीला एकाएकी धोका वाटला तर ती अंडी न घालता परत जाऊ शकते आणि दुसऱ्या रात्री येऊ शकते. आतलं घड्याळ बंदच असतं! अंडं वाळूत पडलं, त्याला हवा लागली, की काही तासांत घड्याळ पुन्हा चालू होतं. मग तो जीव वर सरकतो आणि कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटून बसतो. कोंबडीच्या अंड्यात बलक जागेवर ठेवणाऱ्या पिळदार दोऱ्या असतात, त्यामुळे कोंबडी अंडी उलटसुलट करत बसली तरी पिल्लाला काही होत नाही. उलट, ते गरजेचंच असतं. कासवाच्या अंड्यात असल्या दोऱ्या नाहीत. पिल्लू कवचाला चिकटल्यावर अंडं कुणी उलटं केलं तर नाजूक पडदे फाटतात आणि पिल्लू मरतं. एखाद्यानं कुतूहलानं घरटं उकरलं, अंडी हातात घेऊन पाहिली आणि ‘जशीच्या तशी’ परत ठेवली, तरी त्यातली कितीतरी तेव्हाच संपलेली असतात.

हॅचरीत गेलात तर वाळूत ओळीनं जाळीची गोल कुंपणं दिसतील. प्रत्येकाच्या मधोमध एक पाटी. तिच्यावर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. जाळीखाली पाऊण मीटरच्या आसपास खोल खड्डा, आईनं केला होता तेवढाच. आईनं उबवायचं नसतंच, ऊब वाळू देते.

आणि ही ऊब नुसती ऊब नसते. ती ठरवते की पिल्लू मुलगा होणार की मुलगी! माणसात हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. समुद्री कासवात मात्र ते अंड्याच्या मधल्या काळातल्या तापमानावर ठरतं. २९ अंश सेल्सिअसच्या आसपास वाळू असेल तर नर-माद्या दोन्ही होतात. त्याहून गार राहिली तर नर वाढतात, तापली तर माद्या. म्हणून हॅचरी चालवणाऱ्यांना ऊन-सावलीचा हिशेब ठेवावा लागतो. सगळीच घरटी उन्हात तापली तर सगळ्याच माद्या. पृथ्वीचं तापमान वाढतं आहे हे तुम्ही ऐकलं असेलच. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या! पुढे त्यांना जोडीदार कुठून मिळणार? अंशभर ऊब म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. वाळूखालच्या अंड्याला तसं वाटत नाही.

सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं अंडी फोडतात. चोचीच्या टोकाला त्यासाठी एक बारीक टोचणी असते, ती पुढे गळून पडते. पण वर यायचं काम एकट्यादुकट्याचं नाही. एकानं हात-पाय झाडले की शेजारचं जागं होतं, तेही झाडतं, वरची वाळू खाली पडते, त्या वाळूवर सगळी चढतात. असं थोडं थोडं करत, थांबत, काही दिवसांत सगळी टोळी पृष्ठभागाजवळ येते. वरची वाळू तापलेली असेल तर तिथेच गप्प बसते. वाळू गार झाली, म्हणजे बाहेर रात्र झाली, की एकदम उसळी! दिवसा आली असती तर उन्हानं भाजली असती आणि पक्ष्यांनी टिपली असती.

सेलिंगनवर रोजच्या रात्रीचा शेवटचा कार्यक्रम म्हणजे या पिल्लांना समुद्राकडे सोडणं. पाच सेंटिमीटर लांबीचं, पंचवीसेक ग्रॅमचं पिल्लू. वाळूवर ठेवलं की क्षणभर थबकतं आणि सुटतं. इथे टॉर्चचा नियम पुन्हा आठवा. अंधाऱ्या किनाऱ्यावर क्षितिजाजवळचा सगळ्यांत उजळ भाग म्हणजे समुद्र, आणि काळोखी बाजू म्हणजे झाडी. लाखो वर्षं पिल्लं एवढ्यावरच चालत आली. आता कुणी मागे टॉर्च लावला, रस्त्यावर किंवा हॉटेलवर दिवे लावले, तर पिल्लं वळून तिकडे जातात. थकतात, सुकतात, मरतात.

पाण्यात शिरल्यावर समुद्र कुठे ते उजेडावरून ओळखायची गरज उरत नाही. मग ती लाटांना तोंड देऊन पोहतात. लाटा किनाऱ्याकडे येतात, म्हणजे त्यांच्या समोर पोहलं की आपण किनाऱ्यापासून लांब जातो. आणि खोल समुद्रात, जिथे लाटांचाही भरवसा नाही? तिथे तिसरी युक्ती. केनेथ लोमन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं लॉगरहेड जातीची पिल्लं पाण्याच्या टाकीत ठेवली आणि टाकीभोवती विजेच्या तारांची वेटोळी लावली. तारांमधून वीज सोडून चुंबकीय क्षेत्र बदललं, तशी पिल्लांनी पोहण्याची दिशा बदलली! १९९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पृथ्वीचं चुंबकत्व पिल्लांना जाणवतं. जन्मलेल्या किनाऱ्याची चुंबकीय खूण ती लक्षात ठेवतात आणि मोठेपणी त्याच भागात परत येतात, असं आज शास्त्रज्ञ मानतात.

मोठेपणी म्हणजे फार मोठेपणी. हिरवं कासव अंडी घालण्याएवढं व्हायला पंचवीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. तेवढ्यात खेकडे, पक्षी, मासे, मासेमारीची जाळी, प्लास्टिक. अंदाज असा आहे, की हजारांतून एखादंच पिल्लू तिथवर पोचतं. आज सेलिंगनवर सुटलेलं पिल्लू परत येईल तेव्हा तुम्ही कदाचित आईबाबा झालेले असाल!

ते परत आलं की ओळखायचं कसं? अंडी घालून झालेल्या मादीच्या वल्ह्याला रेंजर धातूची एक छोटी पट्टी लावतात. तिच्यावर क्रमांक. कुणाला पुढे ते कासव दिसलं की क्रमांकावरून कळतं, हे कुठलं. अशाच पट्ट्यांमुळे कळलं की कासवं देशांच्या सीमा मानत नाहीत. सेलिंगनच्या आसपासच फिलिपीन्सची सहा बेटं आहेत, आणि मादी आज या देशात अंडी घालते, पुढच्या वेळी त्या देशात. एकट्या देशानं जपून काय होणार? म्हणून १९९६ मध्ये मलेशिया आणि फिलिपीन्स या दोघांनी मिळून ही नऊ बेटं कासवांसाठी एकत्र सांभाळायचं ठरवलं.

आपल्याकडेही अशी एक पट्टी बोलली! २०२१ मध्ये ओडिशात ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासव मादीला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! तोवर बहुतेकांना वाटायचं, की पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी.

म्हणजे कासवं बघायला बोर्निओलाच जायला हवं असं नाही. रत्नागिरीतल्याच मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडलेंची घरटी सांभाळायला सुरुवात केली. आधी ही अंडी लोक उकरून न्यायचे. आज त्याच गावात घरोघरी पाहुणे उतरतात, सकाळ-संध्याकाळ हॅचरीतल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, आणि पिल्लं असली की ती समुद्राकडे जाताना पाहतात. किनारे राखणाऱ्या गावकऱ्यांना कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात. अंडी खाणारं गाव अंडी राखणारं होऊ शकतं, हे सेलिंगनवर दिसतं आणि वेळासलाही दिसतं.

तर मार्च-एप्रिलमध्ये घरच्यांना घेऊन वेळासला नक्की जा. पिल्लू हातात धरून फोटो काढायचा हट्ट करू नका. एखाद्या दिवशी टोपलीखाली काहीच निघणार नाही, त्या दिवशी कुणावर रागावू नका. आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही किनाऱ्यावर सकाळी वाळूत समुद्रापासून वर गेलेला रुंद, घासत गेलेला माग दिसला, दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या खुणा दिसल्या, तर तिथे खणू नका, वाळू तुडवू नका. मोठ्यांना सांगून गावातल्या कासवमित्राला किंवा वनविभागाला लगेच कळवा.